आकांक्षाच्या गळ्याचे माप

मी सोनोग्राफीचे एक जुने यंत्र आहे, मित्रांनो. दप्तराएवढे, हातात उचलून नेता येईल असे. शरीराच्या आतले चित्र मी पडद्यावर दाखवते.

कारखान्यातून निघाले ती मी थेट डॉक्टर शरयू यांच्याकडे आले. जालना जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मोजायची, हे आमचे काम. आहारात आयोडीन कमी पडले की ही ग्रंथी फुगते; तिचे काम मंदावले तर मुलांची वाढ खुंटते आणि सुस्ती येते. मुले बाकावर आडवी होत, हनुवटी वर करत आणि गळ्याला गार जेल लागले की खुदकन हसत. शरयूताई त्यांच्याशी मायेने बोलत. मला त्यांचा अभिमान वाटे.

कुंभार पिंपळगावजवळच्या एका शाळेत सहावीतली आकांक्षा आली. तिची ग्रंथी वयाच्या मानाने बरीच मोठी निघाली. ताईंनी तीनदा मोजली आणि तिच्या आईला, दैवशालाबाईंना, बोलावून घेतले. त्या कापूस वेचायचे सोडून धावत आल्या.

“रक्त तपासावं लागेल,” ताई म्हणाल्या. “महिन्याभरात मी स्वतः येते.”

“बराबर याल ना? मंग आम्ही दुसरीकडं दाखवत न्हाई.”

“येतेच.”

त्या शब्दावर मीही विश्वास ठेवला.

पाहणी संपली. पुढे एका मोठ्या शहरातल्या परिषदेत ताईंनी आकांक्षाचे चित्र भिंतीएवढे करून दाखवले. नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारले, “या मुलीचं पुढे काय झालं?”

“पाठपुरावा चालू आहे,” ताई शांतपणे म्हणाल्या.

मित्रांनो, ताईंनी मलाही तिथे नेले होते, मी टेबलावरच होते. आम्ही आकांक्षाच्या गावी परत गेलोच नव्हतो; तिचे दुसरे चित्र माझ्यात नव्हतेच.

नंतर ताईंनी नवे यंत्र घेतले आणि मला जालन्यातल्या एका दवाखान्याला देऊन टाकले. दोन वर्षांनी तिथे डॉक्टर नरहर यांच्यासमोर आकांक्षा आडवी झाली. गळा सुजलेला, उंची जवळजवळ सहावीत होती तेवढीच. वर्गात तिला सारखी झोप येई.

“आम्ही त्या बाईंची वाट पाहून राह्यलो,” दैवशालाबाई म्हणाल्या.

आकांक्षाने मला ओळखले. “माझं आधीचं चित्र असंल यात.”

नरहरांनी शोधले. नाव, तारीख, माप, सगळे होते. शेजारी ताईंनीच टाकलेली नोंद होती : तातडीने रक्ततपासणी.

“तातडीनं म्हणजे जल्दी ना?” दैवशालाबाईंनी विचारले. “मंग आम्हाला महिना कामून सांगितला?”

नरहरांनी त्याच दिवशी रक्त तपासले आणि गोळ्या सुरू केल्या. हळूहळू सूज उतरली, वर्गातली झोप गेली. राहिलेली उंची भरून निघेल का, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

मित्रांनो, कुणी तुमचे माप घेतले तर ते कागदावर लिहून मागा. घरी दाखवा. येतो म्हणणारा आला नाही, तर तुम्ही जा. मला सगळे दिसत होते, पण उठून त्या पोरीच्या गावी जाणे माझ्या हातात नव्हते. ज्यांच्या हातात होते, त्यांनी ते केले नाही.