ओळखीची परीक्षा

"मावशी, हाक तुम्हीच मारायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिल्लू तुमच्याकडे आलं नाही, तर कुणाकडेच जाणार नाही."

मावशीने कुंपणाकडे पाहिलं. अख्खं बचाव केंद्र तिला मावशीच म्हणे. आई मेलेलं बिबट्याचं ते मादी पिल्लू वाढवायचं काम तिचं. या जातीचे बिबटे आता इतके थोडे उरले होते की सरकारी कागदावर त्यांच्यापुढे 'अतिसंकटग्रस्त' असा शेरा पडला होता. एकेक मादी लाखमोलाची. म्हणून नियम कडक. अंगभर झगा, तोंडावर फडकं, मांस आडोशामागून सरकवायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. माणसाची सवय लागलेला बिबट्या जंगलात सोडत नाहीत. आज पिल्लू हाकेला आलं, तर जन्मभर पिंजरा.

आणि मावशी बोलली होती. एकदाच. तापात पिल्लाने खाणं टाकलं, तेव्हा धीर सुटून बोलली होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

आता कुंपणापाशी तिच्या मनात नको ते येऊ लागलं. आवाज बदलून खेकसलं तर? पिल्लू पळेल, सगळे टाळ्या वाजवतील. पण उद्या हीच पोर माणसाच्या आवाजाच्या ओढीने कुणाच्या दारात गेली, तर लोक काठ्या घेऊन धावतील. आपली चूक झाकली जाईल आणि पोर जिवानिशी जाईल.

तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"ये गं बाई माझी. दोन घास खा," ती म्हणाली. अगदी तेव्हासारखंच.

झुडपातून डोकं वर आलं. कान टवकारले. पिल्लू दोन पावलं पुढे आलं. नको गं, नको येऊस, मावशी मनातल्या मनात विनवत राहिली.

पिल्लाने दात विचकले, फिस्कारलं आणि एका उडीत गवतात दिसेनासं झालं.

"पास!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "अहो, रडताय काय?"

"आनंदानं हो," मावशी म्हणाली. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

"आता तिनं तुमचा चेहरा पाहिलाय. उद्यापासून खाणं दुसरं कुणीतरी टाकेल."

"बरं."

मावशीने झगा काढला, नीट घडी घालून डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला. मग लेकरू नुकतंच झोपलेल्या खोलीतून निघावं तशी, पाय न वाजवता, ती फाटकाकडे गेली.