पिवळ्या चौकोनाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे आणि लई भित्री आहे. लोखंडाची असले म्हणून काय झालं! गेवराई तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात माझी उभी हयात गेली. वीस वर्षं मी एकाच कोपऱ्यात उभी होते. पेशंटला ऑक्सिजन लागला की चौघं त्याला चादरीत घालून दुसऱ्या टोकाच्या नळीकडं पळायचे.

मग शहादेव आला. वाळूजच्या कारखान्यात त्यानं जन्मभर यंत्रांच्या जागा आखल्या होत्या. निवृत्त होऊन गावी आलेला. तो डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, नवा माल काढायचा म्हणून आमी भिंती पाडत न्हाई, मशीन हलवतो. दवाखाना बी हलता ठिवा. साथ आली, अपघात आला, तसा मांडता आला पायजे."

झालं! माझे पाय कापायला घेतले. ठिणग्या उडाल्या तेव्हा वाटलं, चालले मी भंगारात. पण पायांना चाकं लागली. फरशीवर पिवळे पट्टे आले आणि ऑक्सिजनच्या नळीखाली एक मोठा पिवळा चौकोन. कुणाला धाप लागली की त्याची खाट तिथं ढकलायची, म्हणून तो कायम रिकामा ठेवायचा.

आता रिकामी जागा दिसली की आपल्याकडचे नातेवाईक वाकळ अंथरणारच! माझ्यावर वनमाला होती, नववा महिना भरलेली. तिची सासू तुळजाबाई हिनं चौकोनातच बिऱ्हाड मांडलं. शहादेवनं हटकलं तर म्हणते कशी, "एवढी जागा रिकामी कावून? देव बसवायचा हाय का हितं?" तो हसून पुढं गेला. तिथंच चुकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनमालाला धाप लागली. ओठ काळेनिळे पडले. नर्सनं मला ढकललं. मी धावले, पण चौकोनात शिरताच वाकळ चाकात गुंडाळली गेली आणि मी जागीच अडकले. नळी दोन हातांवर होती. वनमालाचे डोळे फिरले.

"फाडा! माझी वाकळ फाडा!" तुळजाबाई किंचाळली आणि तिनंच खाली बसून दातांनी कापड टरकन फाडलं. चाक सुटलं. नळी लागली. वनमालानं श्वास घेतला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी तिला मुलगी झाली. पुढचे पाच दिवस तुळजाबाई चौकोनाच्या कडेला ठाण मांडून बसली. कुणाला पाय ठेवू देईना. काल ती सून-नात घेऊन घरी गेली.

वाकळीची एक चिंधी माझ्या चाकात अजून आहे. मित्रांनो, हात जोडते, ती जागा मोकळी राहू द्या. उजाडलं की मी आधी तिकडंच बघते. आज तिथं कुणीतरी डबा आणि कळशी ठेवली आहे. माझ्यावर म्हातारा सटवा निजलाय, आणि त्याला दमा आहे.