अडीच तासांवरचा भाऊ

आनंदची आई, वासंतीबाई, सकाळचा चहा घेता घेताच गेल्या. डॉक्टर येऊन गेले, कोपरी भागातली ओळखीची माणसं जमली, आणि विश्राममामांनी आनंदला बाजूला घेऊन विचारलं, "सलिलसाठी थांबायचं का रे?"

सलिल आनंदचा धाकटा भाऊ, सॅन फ्रान्सिस्कोला असायचा. आनंदने लेकीला विचारलं, "अंतरा, तिकडून यायला किती वेळ लागतो गं?"

तिने मोबाइलवर पाहिलं. "साडेतेरा हजार किलोमीटर आहे, बाबा. मध्ये विमान बदलायचं, म्हणजे दिवस सहज जातो. पण काकाला फोन तर करा आधी!"

"तिकडे रात्र आहे. पोचणार नाहीच तो, उगाच जीव टांगणीला लागेल त्याचा. सगळं उरकलं की सांगतो मीच."

ऊन उतरायच्या आत सगळं आटोपलं. घरी येऊन आंघोळ झाल्यावर आनंदने फोन लावला.

सलिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी मस्कतला आहे."

"मस्कतला?"

"ऑफिसच्या कामाला आलोय, आठवडा झाला. अडीच तासांचं विमान आहे रे. सकाळी कळवलं असतंस तर दुपारी घरी असतो मी. आईला सांगितलेलं मी."

सांगितलंच असणार. दोघा भावांचं बोलणं गेली कित्येक वर्षं आईमार्फतच चालायचं. भांडण असं काही नव्हतं, आळस होता नुसता. परवाच ती म्हणाली होती, "सलिल जवळ आलाय रे आता." ती अलीकडे नावं विसरायची, दिवस विसरायची. आनंदला वाटलं, भ्रमच झालाय. पेपरातून मान वर न काढताच तो "हो, हो" म्हणाला होता. कुठे जवळ, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलिल आला. हातात छोटीशीच बॅग. आनंद दारातच म्हणाला, "चुकलं माझं." सलिल आत जाऊन आईच्या रिकाम्या पलंगापाशी खाली बसला. अंतराने पाणी आणून दिलं, ते त्याने तसंच हातात धरून ठेवलं.

"दादा, कशी दिसत होती रे? शेवटी?"

आनंद आठवू लागला. दाखला, गाडी, हार, नातेवाइकांचे फोन, गुरुजी... सगळं त्याने एकट्याने निभावलं होतं. सगळे वाखाणत होते त्याला. पण तिच्या चेहऱ्याकडे निवांत असं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. खांदा दिला तेव्हाही नजर रस्त्यावरच होती.

"मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला आणि भावाशेजारी फरशीवर बसला.