मेनोनकाकांचा हक्क

फिलिन्नाने मागावरचा हात थांबवला आणि दासी थ्रात्ताला गप्प राहायची खूण केली. खालच्या बैठकीतून तिच्या चुलत्यांचा, मेनोनकाकांचा आवाज येत होता.

"भाऊ गेला, त्याला मुलगा नव्हता. म्हणजे जमीन मुलीबरोबर, आणि मुलगी जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे, बायको म्हणून. कायदाच आहे. मी विधुर माणूस, अडचण कसली?"

"पण काका, आमचं लग्न होऊन वर्षं झाली," तिचा नवरा लिसिस म्हणाला.

"मुलगा झालाय? नसेल, तर ते लग्न मोडता येतं."

मग बोलणं ऑलिव्हच्या झाडांवर गेलं, तेलाच्या घाण्यावर गेलं. फिलिन्नाचं नाव पुन्हा निघालं नाही.

"आणि छोकरी?" काकांनी विचारलं.

"ती बापाकडे राहील." लिसिसचा आवाज पडला होता. पण तो म्हणाला.

छोटी मेलित्ता मागाखाली लोकरीचा गुंडा उलगडत बसली होती. वडिलांच्या तिरडीमागून चालून आल्यापासून फिलिन्नाने उंबरा ओलांडला नव्हता. जमीन तिच्या बापाची, मुलगी तिच्या पोटची. आणि ती जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभी. तिने डोक्यावरून वस्त्र ओढलं आणि ती तरातरा खाली उतरली. माहेराहून पाठराखीण म्हणून आलेली म्हातारी थ्रात्ता धापा टाकत मागोमाग आली.

"अगं, पुरुषांच्या बैठकीत काय काम तुझं?" काका ओरडले.

"काका, मला दिवस गेलेत."

लिसिसच्या हातातला पेला कलंडला. काकांनी थ्रात्ताकडे रोखून पाहिलं.

"काय गं, खरं बोलते का ही?"

फिलिन्नाची विटाळाची फडकी थ्रात्तानेच परवा धुतली होती.

"खरं मालक. दृष्ट लागेल म्हणून बोलले नाही."

काका काठी टेकत उठले. "मुलगा झाला तर मिटलंच. मुलगी झाली, तर मी आलोच."

त्यांना दारापर्यंत पोचवून लिसिस हसत परतला. "वेडे, आधी नाही का सांगायचं!"

फिलिन्ना माडीवर गेली. मागावरचा धागा तिने इतक्या जोरात ओढला, की तो तुटला. थ्रात्ताने टोकं शोधून गाठ मारली आणि हळूच म्हणाली,

"पोरी, आज लिसिसमालकांना वरच निजायला बोलव."

"मला त्यांचं तोंड बघवत नाही गं."

"नको बघूस," थ्रात्ता म्हणाली. "दिवा मालव."