चौथ्या प्रकरणाच्या पट्ट्या

हेडक्लार्कांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं. नेहमीसारखं आपटलं नाही, आजारी माणसाला अंथरुणावर निजवावं तसं जपून ठेवलं. मग दुकानाचं दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं.

"पाठ सुटलीय."

बाइंडरने चष्मा डोळ्यांवर चढवला. पाठीवरचं काळं कापड एका बाजूने सुटून लोंबत होतं आणि आत, शिवणीवर चिकटवलेली छापील कागदाची पट्टी उघडी पडली होती. तो टाइप त्याने लगेच ओळखला.

तसं पाहिलं तर प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत रद्दी कागदाची अशी पट्टी असतेच. पण ही रद्दी नव्हती, हा जाळायचा कागद होता. सहा महिन्यांपूर्वी शाळांमधली इतिहासाची पुस्तकं पोत्यांत भरून त्याच्याकडे आली होती. चौथं प्रकरण कापून काढायचं, पुस्तकं पुन्हा शिवायची आणि कापलेली पानं जाळून टाकायची, असा हुकूम होता. युद्धाच्या काळात या जिल्ह्यातली माणसं बोटींत कोंबून परमुलखात रेल्वेचे रूळ टाकायला नेली, त्याची हकिगत त्या प्रकरणात होती, आणि शेवटी न परतलेल्यांची यादी. नेणाऱ्या देशाशी आता नव्या बंदराचा करार झाला होता. पाहुण्यांसमोर जुनी उणीदुणी कशाला, एवढंच कारण.

पानं जाळताना बाइंडरचा हात आखडला. एवढा जाड, गुळगुळीत कागद! एक गठ्ठा त्याने बाजूला काढला आणि बायकोला म्हणाला, कचेरीच्या रजिस्टरांना वापरून टाक, पाठीत डोकावतंय कोण. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. माणूस मुळात चिकट. सरसाने एकदा धरलं की जन्मात सोडत नाही, या भरवशावर तो ते विसरूनही गेला होता.

"किती रजिस्टरांना लावलेत हे कागद?"

"ह्या एकालाच, साहेब. चुकून. रद्दीत मिसळून आला असेल..."

"मी आणखी सात उघडून पाहिली."

बाइंडरचं लक्ष बंद दाराकडे गेलं. पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसवाल्याला कॅलेंडरवरच्या दोन ओळींसाठी पोलिसांनी 'दोन मिनिटं या' म्हणून बोलावलं होतं. त्याला तीन महिने झाले, शटर अजून खालीच होतं. कोपऱ्यात बायको कागद दुमडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

हेडक्लार्कांनी लखोट्यातून सात पट्ट्या काढून मधे एक जागा मोकळी सोडून टेबलावर एकाखाली एक मांडल्या. बाकीच्या कडा कडांना जुळल्या आणि नावांची यादी उभी राहिली. झालं, पुरावा तयार, असं बाइंडरला वाटलं. तरी तीस वर्षांच्या सवयीने त्याचे डोळे कागदाकडेच वळले. पट्ट्या अखंड होत्या. एक अक्षर खरवडलेलं नव्हतं. सरसाने लावलेली पट्टी निघताना चिंध्या होऊन निघते. या पाणी लावून अलगद सुटल्या होत्या. म्हणजे खळ! मैद्याची पातळ खळ, जी पाठीला लावली तर वर्षभरसुद्धा टिकत नाही. असलं काम त्याच्या दुकानातून कधी गेलं नव्हतं.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती कागद दुमडतच होती, जरा जास्तच मन लावून.

"मधली एक पट्टी नाही, ह्या रजिस्टरातलीही ती नव्हे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "चार-पाच नावं त्या पट्टीवर असतील. आमचे आजोबा तिथेच असणार. कागदोपत्री ते अजून जिवंत आहेत. वय वर्षं एकशे बारा. आजी गेली तरी मृत्यूचा दाखला काही मिळाला नाही."

बाइंडरचा विश्वास बसेना. प्रेसवाल्यालाही म्हणे आधी घरच्यांची ख्यालीखुशालीच विचारली होती. आजोबा काय, कुणालाही असतात.

"आम्हाला काही माहीत नाही, साहेब. बाकीचं सगळं जाळलं. देवाशपथ."

"मृत्यूंच्या रजिस्टरात आहे," बायको म्हणाली.

बाइंडरने हाताने तिला गप्प राहायची खूण केली.

"ती पट्टी रुंद होती, जाड रजिस्टरालाच बसली असती," ती पदराला हात पुसत उठली. "आणि साहेब, ती नावं कुठल्याच रजिस्टरात नव्हती. म्हटलं, निदान पाठीत तरी असू देत."

हेडक्लार्कांनी पट्ट्या त्याच क्रमाने लखोट्यात भरल्या.

"उद्या ते दुरुस्तीला पाठवतो. पाठ सैल म्हणून चिठ्ठी लावतो," एवढं बोलून ते निघून गेले.

दाराला कडी घालून बाइंडर खाली बसला.

"मरायचंय का तुला? सरकारी माणूस आहे तो! उद्या रजिस्टर येणार नाही, जीप येईल. आणि खळ? खळ लावलीस तू? पाठ सुटणार हे कळत नव्हतं?"

"कळत होतं," ती म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत. पण नावं वाचली आणि सरस लावायला हात होईना हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर चाकांचा आवाज आला तेव्हा बाइंडरने हातातला ब्रश खाली ठेवला. दाराच्या फटीतून त्याने पाहिलं. जीप नव्हती. कचेरीचा शिपाई हातगाडी ओढत येत होता आणि गाडी रजिस्टरांनी भरली होती.

"एकच येणार होतं ना?" बाइंडरने कसंबसं विचारलं.

"मला काय विचारता? कचेरी उघडल्यापासून जो तो आपापलं आणून गाडीवर ठेवतोय."

बाइंडरने वरचं रजिस्टर उचललं. पाठ धडधाकट होती. वर चिठ्ठी होती, 'पाठ सैल'. दुसऱ्यावर तीच चिठ्ठी, अक्षर वेगळं. तिसऱ्यावर आणखी वेगळं. प्रत्येक चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत एकेक नाव लिहिलेलं होतं. त्या यादीतल्यासारखी, आता कुणी मुलांना ठेवत नाही, तसली जुनी नावं. एवढ्या सगळ्यांना कळलं होतं. यातला एक जरी फुटला तरी संपलं.

"आत आणू द्या. पाठीत जागा आहे," मागून बायको म्हणाली.

शिपायाने दोन खेपांत रजिस्टरं आत ठेवली. गाडी रिकामी झाली, तरी तो जाईना. टोपी काढून त्याने डोकं खाजवलं, मग खिशातून घामाने ओला झालेला कागदाचा कपटा काढला.

"मी शिपाई माणूस. माझ्याकडे कुठलं रजिस्टर नाही," तो म्हणाला. "पण नाव आहे."

बाइंडरने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग त्याने हात पुढे केला.