थंडी सरली की सोडतो

दोन हजार आठ सालच्या थंडीवर धोंडाबाईचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. दोन दिवस ऊन तापायचं, रस्त्याकडेच्या कडुनिंबाला कोवळी पालवी दिसायची, की ती गाठोडं बांधायला घ्यायची. लगेच गोरक्ष पेपर घेऊन हजर.

"आई, निफाडला पारा पुन्हा घसरला. थंडी सरली की सोडतो म्हणलं ना तुला."

मार्गशीर्षात तिच्या छातीत दुखलं, तेव्हापासून ती लेकाच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये अडकून पडली होती. गाव वणीजवळ. घरी धाकटी जाऊ फुलाबाई एकटी. दोघी विधवा, एका चुलीवरच्या, दिवसातून चारदा भांडणाऱ्या. फुलाला मूलबाळ नव्हतं. गोरक्षालाच तिनं लेक मानलेलं. ऊन कडक झालं की दोघींनी मिळून कुरडया घालायच्या, हे ठरलेलं. धोंडाबाईला दुसरं काही नको होतं. आपलं अंगण, आणि चीक घोटताना फुलाची अखंड बडबड.

पण फुला फोनवर येईना. गावी शेजारच्या वाल्मीककडे फोन लावला की ती कधी शेतात असायची, कधी वणीच्या बाजारात. फुला आणि बाजार! मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागवणारी बाई!

"घर बळकावलंय तिनं," धोंडाबाई सुनेला म्हणाली. "माझ्या लेकाला फितवलंय. मी हितं खितपत पडावी, हेच पायजे त्या भवानीला."

पूजा खाली मान घालून मेथी निवडत राहिली. ते पाहून धोंडाबाईचा संशय आणखी बळावला.

मग तिची नजर घरभर फिरू लागली. संक्रांतीच्या सुमारास देवापुढचा दिवा बंद झाला होता. विचारलं तर पूजा म्हणे, तेल संपलंय. फोडणीला तेल होतं, देवालाच तेवढं नव्हतं! तिळगूळ आला तोही शेजारणीच्या घरचा. आणि गोरक्षाची कानटोपी काही केल्या उतरेना. जेवताना टोपी, झोपताना टोपी. हे दोघं आपल्यापासून काहीतरी लपवतायत, यात तिला शंका उरली नाही. आणि त्यामागं फुलाच आहे, यातही नाही.

होळी आली. खाली चौकात गोवऱ्या रचल्या गेल्या, जिन्यात घराघरातल्या पुरणाचा वास दरवळला, आणि पूजानं ताटात वरण-भात वाढला.

"पोळी कुठं हाय?"

"डाळ शिजली नाही, आई."

"वरणाची शिजली, पुरणाची नाय?"

पूजानं वरणाची वाटी पुढं सरकवली. बिचारी खोटं बोलायला तयार होती. पण दुखवट्याच्या वर्षी पुरण घालायला, कढई चढवायला तिचा हात धजत नव्हता. सणाला पुरण नाही, तळण नाही, असं घरात एकाच कारणानं होतं. धोंडाबाईला एकदम उमगलं. तिनं उठून गोरक्षाची टोपी ओढली. भादरलेल्या डोक्यावर जेमतेम पेरभर केस आले होते.

"कोन गेलं?"

गोरक्ष तिच्या पायाशी बसला. "काकू. संक्रांतीच्या आधी. लय गारठा पडला त्या राती, सकाळी उठलीच नाय. अग्नी मीच दिला. तुला धक्का सोसणार नाय, असं डॉक्टर म्हणले..."

धोंडाबाईनं हातातली टोपी त्याच्या मांडीवर ठेवली. तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेला कुठं ठेवावं हे कळत नव्हतं.

"रोज शिव्या घातल्या मी तिला," ती म्हणाली. "अन् तुम्ही घालू दिल्या."

ती मोरीकडं वळली.

"पूजा, बादली भर. तिच्या नावाचं पाणी डोक्यावरून घ्यायचं राहिलंय माझं."

"तापवून देते, आई."

"गारच दे."

"बाधेल तुला," गोरक्ष उठला. पण तिनं मोरीचं दार लावून घेतलं होतं. आत पाण्याचा पहिला तांब्या पडला आणि त्यापाठोपाठ तिचा हंबरडा फुटला. "फुले! अगं फुले!"