मनुकांच्या टोपलीवरचा शिक्का

"अब्दा, जरा हलक्या हातानं दाब रे! माझ्या बहिणीची बोटं पार वाकडी झालीत. मागच्या खेपेला तुझा शिक्का फोडता फोडता रडकुंडीला आली बिचारी."

"शमूनीबाई, शहेनशहाचा शिक्का आहे हा. भाकरीवरचे बोटांचे ठसे नव्हेत."

असं म्हणायचो खरा, पण दाबायचो हलकेच. इराणच्या हद्दीतल्या निसिबिस शहराच्या वेशीवर तीस वर्षं मी हेच केलं. रोमच्या मुलखात जाणाऱ्या मालाला सुतळी बांधायची, गाठीवर चिकणमाती थापायची, वर शिक्का. दोन बादशहांचा करारच तसा होता, सरहद्द ओलांडायची ती फक्त व्यापाऱ्यांनी. शमूनीची धाकटी बहीण वर्दा लग्न होऊन पलीकडे रोमच्या दारा शहरात गेलेली. वाट जेमतेम एका दिवसाची, पण बहिणीला भेटायचंय म्हटलं तर सोडतो कोण? म्हणून ही बाई दरवर्षी मनुकांची टोपली घेऊन व्यापारी व्हायची. शिक्का वर्दा फोडायची, मग दोघी बसून सगळा माल फस्त करायच्या. कसली मेली व्यापारी! कुणी भाव विचारला तर लाजायची.

यंदा यज्दीन नावाचा नवा अधिकारी आला. त्यानं हुकूम काढला, शिक्का न फुटता माल परत आला तर तो व्यापारी खोटा. त्याचं नाव व्यापाऱ्यांच्या यादीतून कायमचं बाद.

यंदाही शमूनी टोपली घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परतली. एरवी तिची बडबड दुरूनच ऐकू यायची. आज गुपचूप गाढवावरून उतरली आणि टोपली माझ्यापुढे ठेवली. शिक्का जसाच्या तसा.

यज्दीन आत जेवत होता. मी घाईघाईनं अंगठा गाठीवर नेला. "फोडून टाकतो. कुण्णाला कळायचं नाही."

तिनं माझं मनगट धरलं. "राहू दे रे. उन्हाळ्यातच वारली वर्दा. तिथं पोचल्यावर शेजारणीनं सांगितलं. आता पलीकडे जाऊ कुणाकडे?"

मी यादी काढली, शमूनीचं नाव खोडलं. डोळ्यांपुढची अक्षरं नीट दिसेनात.

मग माझं लक्ष पुन्हा शिक्क्याकडे गेलं. इतका हलका दाबलेला, गाढवाच्या दोन हिसक्यांत फुटायचा. वर्दानं फोडायचा तो वाटेत फुटू नये म्हणून जाता-येता सगळी खडकाळ वाट तिनं टोपली मांडीवर धरून काढली असणार.

"आता तूच फोड, अब्दा," शमूनी म्हणाली. "पण हलक्या हातानं."